चटका न लागणारा हात

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी संसाराचे वर्णन करताना चुलीवरचा तवा आणि हाताला बसणारा चटका यांचा दाखला घेतला आणि तो मराठी घराघरांत पोचला. त्या दाखल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. चटका बसला की तो कळतो. हात आपोआप मागे येतो, बोट तोंडाशी जाते आणि मोठी इजा होण्याआधी माणूस सावध होतो. चटक्याने त्रास होतो हे खरे; पण शरीराच्या दारावर बसलेला तो पहारेकरीही आहे. हा पहारेकरी ज्या हातातून निघून गेला, त्या हाताला तव्याची कड, उकळत्या चहाचे पातेले आणि पितळी तांब्यातले गार पाणी ही सारी सारखीच. असा हात भाजतो, कापला जातो, सोलवटतो; आणि त्याच्या मालकाला ते संध्याकाळी हात धुताना दिसते, तेही कधीकधी दुसऱ्याने दाखविल्यावर.

कुष्ठरोगाचे खरे स्वरूप हे आहे. समाजाच्या मनात मात्र त्याचे दुसरेच चित्र पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहे. या रोगात बोटे झडतात, मांस कुजते, अशी समजूत अजूनही ऐकू येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे अस्थिशल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यास रुग्णांच्या हातापायांचा बारकाईने अभ्यास करून ती खोडून काढली. रोगजंतू बोटे खात नाहीत. ते चेतातंतू निकामी करतात, बधिर झालेल्या अवयवाला रोज इजा होत राहते आणि त्या न जाणवलेल्या इजांनी बोटे झिजतात. काही रुग्णांची बोटे रात्री उंदीर कुरतडत असत आणि त्यांना जागही येत नसे, असे त्यांना आढळले होते. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नोशीर अँटिया यांनी अशाच रुग्णांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करून अनेकांना पुन्हा कामाला लावले. या थोर मंडळींचे काम पाहिले की एक विचार मनात येतो. वाकडी झालेली बोटे सरळ करता येतात, पण गेलेली संवेदना शस्त्रक्रियेने परत येत नाही. म्हणून खरी धडपड ती जाण्याच्या आधीच व्हायला हवी.

या रोगाचा जंतू नॉर्वेतील डॉ. आर्मोअर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. त्याच्या दोन सवयी ध्यानात घेतल्या म्हणजे पुढचे सारे समजणे सोपे जाते. पहिली सवय संथपणाची. इतर अनेक जंतू काही मिनिटांत किंवा तासांत दुप्पट होतात. याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे संसर्ग झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीस वर्षेही. दुसरी सवय थंडाव्याची. शरीराचे जे भाग तुलनेने थंड असतात, म्हणजे हात, पाय, नाक, कानाच्या पाळ्या, तेथे तो रमतो. प्रयोगशाळेतील काचपात्रात तो आजवर वाढविता आलेला नाही. संशोधकांना तो वाढविता आला तो १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि पुढे आर्माडिलो नावाच्या, शरीराचे तापमान कमी असलेल्या प्राण्यात. उष्णतेशी या रोगाचे नाते असे मुळापासूनचे आहे.

चेतातंतूंचेही प्रकार आहेत. स्नायू हलविणारे आणि स्पर्श कळविणारे तंतू जाड असतात. ऊन-गार आणि वेदना यांचे निरोप नेणारे तंतू अतिशय बारीक. त्यांच्यासारखेच बारीक असे काही स्वायत्त तंतू त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसणे, फुगणे आणि घाम येणे यांवर नियंत्रण ठेवतात. कुष्ठरोगात बारीक तंतूंना फार लवकर झळ पोचते. तोवर माणूस मूठ वळू शकतो, नाणे उचलतो, सुईत दोराही ओवतो. त्यामुळे आपला हात धडधाकट आहे असे त्याला आणि सर्वांनाच वाटते.

उत्तर प्रदेशातील नैनी आणि फैजाबाद येथील रुग्णालयांत ३०३ नव्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून एक अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बधिरता तपासण्याची नेहमीची पद्धत म्हणजे नायलॉनचा तंतू त्वचेला टेकवून रुग्णाला स्पर्श कळतो का, हे विचारणे. त्या तपासणीत दोष दिसण्याच्या आधी, काही रुग्णांत १२ आठवड्यांपर्यंत आधी, ऊब ओळखण्याची शक्ती आणि चेतेतून जाणाऱ्या संदेशाची क्षमता कमी झालेली आढळली. बारा आठवडे म्हणजे जवळजवळ तीन महिने. हा काळ किती मोलाचा, ते उपचाराच्या बाजूने पाहिल्यावर कळते. चेतेला इजा होऊन सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडचा उपचार मिळाला तर पुष्कळदा ती सावरते. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. ज्या रोगात सहा महिन्यांची मुदत आहे, तेथे तीन महिने आधी मिळालेली सूचना लहान म्हणता येणार नाही.

बँक व्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे तत्त्व नवे नाही. हप्ता ९० दिवस थकला की कर्जखाते अनुत्पादक ठरते. पण चांगली शाखा ९० व्या दिवसाची वाट पाहत नाही. पहिल्या ३० दिवसांतच खाते वेगळ्या नोंदीत घेऊन कर्जदाराची भेट घेतली जाते, कारण तेव्हा तो सावरू शकतो. दुकानाला कुलूप लागल्यावर वसुलीची नोटीस पाठविता येते, दुकान वाचविता येत नाही. कुष्ठरोगातील वाकडे बोट हे कुलूप लागलेले दुकान आहे.

औष्णिक छायाचित्रणाचा, म्हणजे थर्मल कॅमेऱ्याचा, विचार येथे येतो. प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. हा कॅमेरा ते किरण टिपतो आणि तापमानानुसार रंग भरून चित्र दाखवितो. चांगल्या कॅमेऱ्याला एका अंश सेल्सिअसच्या दहाव्या भागाहूनही लहान फरक ओळखता येतो. त्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत, त्वचेला हात लावण्याचीही गरज नाही. कॅमेऱ्याला चेता दिसत नाही, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. त्याला दिसतो तो तिच्या कारभाराचा परिणाम. स्वायत्त तंतू बिघडले की त्वचेतील रक्तप्रवाहाचे नियमन बिघडते आणि हाताचा उष्णतेचा नकाशा बदलतो. उजवी करंगळी डावीपेक्षा थंड दिसते किंवा बोटांची टोके तळहाताच्या मानाने निळसर दिसतात. याहून बोलकी तपासणी म्हणजे हात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून थोडा वेळ गार पाण्यात धरणे आणि बाहेर काढल्यावर तो किती वेळात पूर्ववत उबदार होतो ते पाहणे. निरोगी हातात रक्त लगबगीने परत येते. नियमन बिघडलेला हात रेंगाळतो. ब्राझीलमधील संशोधकांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर या पद्धतीचा अभ्यास केला आहे. नेहमीच्या सरकारी तपासणीत ती अजून आलेली नाही. आज तिचे स्थान संशोधनाचे आहे. पण मोबाइलला जोडता येणारे लहान थर्मल कॅमेरे आता बाजारात मिळतात, त्यामुळे हा विचार मोठ्या शहरातील प्रयोगशाळेपुरता राहण्याचे कारण नाही.

ही तपासणी कोणाची करावी, हा खरा प्रश्न. भारताने डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठले. त्याचा अर्थ दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, इतकाच होता; लोकांनी मात्र रोग संपला असा अर्थ घेतला. आजही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक. महाराष्ट्रात विदर्भाच्या काही भागांप्रमाणेच खानदेशातही, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पट्ट्यात, हा रोग टिकून राहिला आहे. बहुतेक माणसांत त्याला तोंड देण्याची नैसर्गिक शक्ती असते. सुमारे ९५ टक्के लोकांना संसर्ग होऊनही रोग होत नाही. पण उपचार न झालेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात जे राहिले, त्यांना इतरांपेक्षा धोका अधिक असतो. आरोग्य खात्याच्या भाषेत त्यांना 'सहवासित' म्हणतात. आठवड्याला सुमारे २० तास, असे निदान तीन महिने, रुग्णाच्या निकट राहिलेली व्यक्ती ती सहवासित. त्यात पत्नी-मुले येतात, तसाच शेजारी आणि एकाच गाळ्यात काम करणारा सोबतीही येतो.

श्रीपाल आणि मैनासुंदरी यांची कथा या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. चैत्रात आणि आश्विनात आयंबील ओळीच्या दिवसांत ती दरवर्षी ऐकली जाते. त्या कथेतील दोन तपशील या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहेत. श्वेतांबर परंपरेनुसार बालक श्रीपाल जीव वाचविण्यासाठी सातशे कुष्ठरुग्णांच्या समूहात लपतो आणि त्यांच्या सहवासात त्याला हा रोग जडतो. पुढे मैनासुंदरीच्या आराधनेनंतर अभिषेकाचे पवित्र जल तिच्या पतीवर शिंपडले जाते, तसेच त्या सातशे जणांवरही. कथा श्रद्धेचा विषय आहे, वैद्यकाचा नव्हे. तरीही कथाकाराने पतीला बरे करून सातशे जणांना रस्त्यावर सोडून दिले नाही, याची नोंद घ्यावीशी वाटते. आजचे वैद्यकही तेच सांगते. एक रुग्ण बरा करून थांबू नका. त्याच्याभोवतीची माणसे पाहा.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते समजण्यासाठी एक कुटुंब कल्पून पाहू. शिरपूर तालुक्यातील एक गृहस्थ जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिलमध्ये हमाली करतो. पाठीवरच्या फिकट चट्ट्याकडे त्याने दोन वर्षे दुर्लक्ष केले. खाज नव्हती, दुखत नव्हते. आरोग्य तपासणीत निदान झाले आणि सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळणारा बहुविध औषधोपचार सुरू झाला. आता सहवासितांची यादी करायची. पत्नी आणि दोन मुले जळगावात. वृद्ध आई आणि भाऊ शिरपूरकडील गावी. खोलीचा भागीदार दुसऱ्या मिलमध्ये. एका चट्ट्यामागची माणसे दोन जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. आशाताई पत्नीला तपासायला जातात तेव्हा ती पदराला हात पुसत म्हणते, "माले काहीच व्हयेल नही, ताई." ती खोटे बोलत नाही. तिच्या अंगावर चट्टा नाही, दुखणे नाही. मात्र अलीकडे ती भाकरी तव्यावर हाताने उलटते तेव्हा पूर्वीसारखा चटका लागत नाही. कामाने हात घट्ट झाले, असे तिने मानले आहे. शेजारणी तिचे कौतुकही करतात.

काही रुग्णांत त्वचेवर चट्टा येतच नाही. रोग केवळ चेतांत राहतो. अशा वेळी केवळ चट्टे शोधणारी तपासणी या बाईंना निरोगी ठरवून पुढच्या घरी जाईल. तिच्या हाताचे औष्णिक चित्र घेतले आणि करंगळीची बाजू वेगळी दिसली, तर निदान तिला थांबवून म्हणता येईल की, ताई, तुम्ही एकदा डॉक्टरांना हात दाखवा. कॅमेऱ्याचे काम एवढेच. पुढे डॉक्टर कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची आणि घोट्याजवळची चेता बोटांनी चाचपून ती जाड किंवा दुखरी झाली आहे का ते पाहतील, ऊन-गार आणि स्पर्श तपासतील, स्नायूंची ताकद पाहतील. मधुमेह, तंबाखू, रक्तवाहिन्यांचे विकार यांनीही हात थंड पडतो. म्हणून केवळ चित्र पाहून कोणाच्या कपाळी कुष्ठरोगाचा शिक्का मारणे हा अन्याय ठरेल.

खानदेशात ही तपासणी करायची तर येथील हवेचाही विचार करावा लागेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. केळीच्या बागेतून किंवा मिलच्या पत्र्याखालून आलेल्या माणसाचा हात लगेच कॅमेऱ्यापुढे धरला तर सारे चित्र तांबडेच दिसेल. त्याला दहा-पंधरा मिनिटे स्थिर तापमानाच्या खोलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर बसवावे लागेल. नुकताच चहा घेतला आहे का, विडी ओढली आहे का, हे विचारावे लागेल. थंडीच्या दिवसांतील सकाळ, शाळेची एखादी खोली आणि प्रशिक्षित माणूस एवढी सोय झाली तर काम होण्यासारखे आहे. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. असे प्रयोग जबाबदारीने करून पाहण्याची जागा तीच.

सहवासितांसाठी आणखी एक साधन आज हाताशी आहे. रोगाची लक्षणे नसलेल्या सहवासिताला रिफॅम्पिसीन या औषधाचा एकच डोस देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वीकारली. बांगलादेशात २१,००० हून अधिक सहवासितांवर झालेल्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत रोगाचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांनी घटले होते. महाराष्ट्राला लागून असलेल्या दादरा-नगर हवेलीत २०१५ पासून हा प्रयोग झाला आणि नंतर तो राष्ट्रीय कार्यक्रमात आला. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि क्षयरोगाची शंका असलेले यांना तो देत नाहीत. म्हणून तो आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखालीच घ्यायचा. शिवाय ज्याच्या चेतेत रोग आधीच शिरला आहे, त्याला एक डोस पुरत नाही. त्याला पूर्ण उपचार लागतो. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी लवकर होणारी तपासणी हवी.

साधने आहेत, औषधे आहेत आणि ती विनामूल्य आहेत. तरी माणसे लपतात. का लपतात, याचे उत्तर दवाखान्यात सापडणार नाही. ते मिलच्या हजेरीपटात, भाड्याच्या खोलीत आणि सोयरिकीच्या बोलण्यात आहे. कल्पिलेल्या त्या गृहस्थापुढे आशाताईंनी कागद ठेवला आणि "तुमच्यासोबत कोण कोण काम करतात?" असे विचारले, तर तो सोबत्याचे नाव सांगेल का? नाव सांगितले की मुकादमाला कळणार, मुकादमाकडून शेठना कळणार आणि सोमवारी दोघांनाही "काही दिवस येऊ नका" असा निरोप मिळणार, ही त्याची भीती. ती सर्वस्वी खोटी आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. कायद्याची पुस्तके दुरुस्त झाली. पेढीवरच्या आणि उंबऱ्यावरच्या वागणुकीची दुरुस्ती मात्र कोणत्याही राजपत्रात छापून होत नाही.

खानदेशातील व्यापारी कुटुंबांच्या हातात येथे मोठी गोष्ट आहे. डाळ मिल, जिनिंग, सराफी, किराणा, कापड, वाहतूक अशा व्यवसायांत अनेक माणसे त्यांच्याकडे काम करतात. घरात स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाया वेगळ्याच. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याची शक्यता उरत नाही. म्हणजे उपचार घेणारा कामगार निर्धोक असतो आणि नोकरी जाईल म्हणून रोग लपविणारा कामगार स्वतःला व इतरांना धोक्यात घालतो. अशा वेळी मालकाने आधीच, कोणी आजारी नसताना, सर्वांसमोर सांगून ठेवले की तपासणीच्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही आणि रोग निघाला तरी काम जाणार नाही, तर तपासणीला आपण होऊन पुढे येणारे हात वाढतील. थर्मल कॅमेरा देणगी देऊन विकत घेता येईल. त्याच्यापुढे हात धरण्याचे धैर्य अशा एका वाक्यातून येते. आणि ते वाक्य पाळलेही पाहिजे, कारण पहिल्या माणसाला काढून टाकले की दुसरा कधीच पुढे येत नाही.

घरातही थोडे लक्ष ठेवावे. त्वचेवर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, त्याला खाज नाही आणि त्यावर स्पर्श कमी कळतो. कानाच्या पाळ्या जाड झाल्या आहेत. करंगळीत मुंग्या येतात. पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही. भाजल्याचा फोड दिसतो, पण केव्हा भाजले ते आठवत नाही. यांपैकी काही दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पांढरे कोड हा वेगळा विकार आहे. त्यात संवेदना जात नाही आणि तो संसर्गाने पसरत नाही.

दरवर्षी ३० जानेवारीला, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, गावोगावी कुष्ठरोगाविषयी प्रतिज्ञा घेतली जाते. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजींनी स्वतःच्या हाताने धुतल्या होत्या. आज कोणाला तेवढे करावे लागत नाही. येत्या ३० जानेवारीला आपल्या पेढीवर, मिलमध्ये किंवा सोसायटीत आरोग्य कर्मचाऱ्यांना बोलावून एक सकाळ तपासणीसाठी द्यावी. रांगेत पहिला हात मालकाने पुढे करावा आणि त्या दिवसाचा रोज सर्वांना पूर्ण द्यावा. भाकरी उलटताना चटका न लागणारी एखादी बाई त्या रांगेत उभी असेल, तर तिच्या सहा महिन्यांतले कितीतरी दिवस त्या सकाळी वाचतील.